सहा चमच्यांचं एक वाक्य

ते चमचे मी उजेडात धरले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी पडलो सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. कुणाची लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी तिच्या कडा सरळ कापल्या आहेत का ते बघतो आणि मग नवरा-नवरीची नावं वाचतो. ही सवय वाईट आहे असं माझी बायको संध्या म्हणते. नुसती वाईट नाही, धोकादायक आहे, असं माझी मुलगी तेजल म्हणते. मी दोघींचंही ऐकून घेतो, कारण ऐकून घेणं हा क्वालिटीचा पाया आहे.

चमचे आले मॅटेओच्या हातून. तेजल ज्याच्याशी लग्न करायचं म्हणते तो हा मुलगा, इटलीचा. सिन्नरच्या एमआयडीसीत इटालियन मशिनं बसवायला आला. तेजल तिथंच इंजिनिअर, इटालियनही तिथंच शिकली. मशिनं बसवून झाली, चालायला लागली, तरी हा काही परत जाईना, तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं. मराठी तो शिकला ती सिन्नरच्या कामगारांकडून. त्यामुळे दिसायला साहेब आणि तोंड उघडलं की, "काय काका, बरं हाय का?" माझी आई धोंडाबाई मूळची चांदवडकडची. आमच्या अख्ख्या घरात शुद्ध मराठी फक्त हाच बोलतो, असं तिचं ठाम मत आहे.

तर या मॅटेओची आई, ग्राझिएलाबाई फेर्री, इटलीहून आली होती आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येणार होती. तेजलनं आम्हाला आधीच बजावलं होतं. "बाबा, तिचा होकार-नकार या जेवणावर आहे. मॅटेओ बाकी शूर आहे, पण आईच्या शब्दाबाहेर जाणार नाही." परदेशातही असंच असतं हे ऐकून संध्याला बरंच हायसं वाटलं. मला मात्र धडकी भरली. तेजल लहानपणापासून काही मागत नाही. एकदाच मागितलं, ते हे. ते माझ्या हातून बिघडता कामा नये एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

आईला मुंबई दाखवायला निघण्याआधी मॅटेओ एक लाकडी पेटी आमच्या टेबलावर ठेवून गेला. म्हणाला, "आईनं दिलंय काका. रविवारी ह्यानीच जेवायचं." तेजल दारातून ओरडली, "जपून ठेवा!" आणि दोघं गाडीत बसून गेली. आता मला सांगा, मुलाकडच्यांनी मुलीकडे पेटी पाठवली, तर ती काय असते? आहेर असतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी मुलीकडे पेटी पाठवून ती परत नेलेली नाही. त्यामुळे त्या बाबतीत मी काही विचारलं नाही.

पेटीत निळं मखमल आणि त्यावर चांदीचे सहा चमचे. चांदीचे म्हणायचे इतकंच. रंग काळपट. पृष्ठभागावर सगळीकडे बारीक ठोक्यांच्या खुणा, पोचे पडल्यासारख्या. मी टेबललॅम्प लावला, व्हर्निअर काढला. लांबी सहांची सहा वेगळी. तोंडाचा भाग एकाचा लांबट, एकाचा गोल, एकाच्या कडेला कातरे, एकाचा दांडा शेवटी जरा वळलेला. पाठीमागे एक छोटासा ओरखडा आणि शेजारी ८०० असा आकडा. आमच्याकडे असा लॉट आला असता तर मी लाल लेबल चिकटवून तो गेटवरूनच परत पाठवला असता.

"हातानं केलेले असतील," संध्या म्हणाली.

"म्हणून काय झालं? हाताला मोजमाप नसतं का?"

आई कोपऱ्यातून म्हणाली, "पाव्हण्यानं दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नाय, जयराम." पण मी नावं ठेवत नव्हतो, निरीक्षण नोंदवत होतो. हा फरक मी तिला उभ्या जन्मात समजावू शकलेलो नाही.

रात्रभर मला ते ८०० छळत राहिलं. सकाळी पेटी पिशवीत घालून सराफ बाजार गाठला. सराफानं चमचा कसोटीवर घासला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "ऐंशी टंच. शंभरात वीस भाग तांबं. आपल्याकडे एवढी भेसळ घरगुती गिऱ्हाईक घेत नाही हो. वितळवायची आहे का?" मी मान खाली घालून बाहेर आलो. मुलगी इटलीला द्यायची आणि समोरून सेकंडचा माल? म्हणजे ही माणसं आम्हाला काय समजतात? का त्यांचीच परिस्थिती बेताची आहे आणि बिचाऱ्या बाईनं होतं ते दिलं? मग मला तिची दया आली. मग तेजलची काळजी वाटली. पार्किंगमधून स्कूटर काढेपर्यंत मला नक्की काय वाटतंय तेच कळेना.

सोसायटीच्या फाटकात शेजारचे चिमाजीराव शेवाळे भेटले. चिमाजीराव वीज मंडळातून निवृत्त झाले, पण जोडण्या तोडायची सवय गेलेली नाही. कुणाचं काही नीट चाललेलं दिसलं की त्यांना चैन पडत नाही.

"जयभीम पगारे साहेब! पिशवीत काय?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं.

"परदेशी चांदी? बिल आहे?"

"आहेराचं बिल कोण मागतं?"

"तुम्ही नका मागू. पण उद्या चोरी झाली, पोलीस म्हणाले, तुमचीच कशावरून? काय दाखवाल? आपल्या भागात मागच्या महिन्यात दोन घरं फुटली. कुठंतरी नोंद करून ठेवा. मी सांगतो म्हणून ऐका."

मी ऐकलं. एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, पुन्हा काम पडेल. खिडकीमागच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चमचे हरवलेत?"

"नाही, हे काय, पिशवीत आहेत."

"सापडलेत?"

"नाही हो, आलेत."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. नोंद करायची. हरवले तर ओळख पटावी म्हणून."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मागच्या रांगेतले दोघं आपोआप पुढं सरकले. "अहो, नोंद कशाची करू? ओळख पटायला वस्तूवर नाव लागतं. नाव आहे का काही?"

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नाव! आमच्या घरात नाव नसलेलं एक भांडं नाही. पिंप घ्या, पातेलं घ्या, भिंगातून बघावी लागेल एवढी वाटी घ्या, प्रत्येकावर कुणी, कुणाला, कशानिमित्त दिलं ते कोरलेलं आहे. नात्यातल्या अर्ध्या माणसांची पूर्ण नावं मला भांडी पुसताना पाठ झाली आहेत. आणि एवढा परदेशी आहेर, त्यावर देणाऱ्याचं नाव नको? ग्राझिएलाबाई रविवारी आल्या आणि स्वतःचं नाव दिसलं नाही, तर काय वाटेल त्यांना? मला सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं.

भांड्यांच्या दुकानदारानं चमचे हातात घेतले. "नाव काय टाकायचं?"

"सौभाग्यवती ग्राझिएला फेर्री यांजकडून सप्रेम भेट."

तेवढ्यात संध्याचा फोन आला. मी तिला मजकूर सांगितला. "अहो, त्यांचे मिस्टर वारलेत. सौभाग्यवती कसं घालता?" तिनं वेळेवर सांगितलं म्हणून, नाहीतर केवढा अनर्थ झाला असता! त्या क्षणी तरी मला तोच सगळ्यात मोठा अनर्थ वाटला. 'श्रीमती' ठरलं.

पण एवढं वाक्य एका चमच्यावर बसेना. दुकानदार बोट लावून मोजत राहिला आणि म्हणाला, "शब्द किती झाले? सहा. चमचे सहा. एकेकावर एकेक शब्द टाकू या. सेट मोडायचा नाही. एखादा कामवालीनं नेला तर वाक्य अडतंय, लगेच कळतं." इतकं शास्त्रशुद्ध सुचवणारा माणूस माझ्या कारखान्यात असता तर मी त्याला बढती दिली असती.

त्यानं कोरायचं मशीन चालू केलं, सुई टेकवली आणि बंद केलं. "काका, सुई उड्या मारतेय. खाली सगळे खड्डेच आहेत. आधी बफिंग मारून सपाट करून आणा."

बफिंग म्हणजे माझा प्रांत. सातपूरला आमच्या कारखान्यामागे भिकनचं बफिंगचं वर्कशॉप आहे. नळ, मुठी, स्टीलचे पाइप, त्याच्या चाकाखालून गेले की त्यात तोंड बघावं. भिकननं चमचे बघून दात विचकले. "साहेब, हे कुठनं उचललं? लयच खराब काम हाय."

"परदेशी आहे. हलक्या हातानं मार."

"हलक्या हातानं खड्डे जात नसत्यात. कडंचे कातरे बी काढू का? आन् ह्याचा दांडा वाकडा झालाय, सरळ करतो. तोंडं आन् लांबी बी घासून एकसारखी करतो."

मी क्षणभर थांबलो, हे मला इथं नमूद करू द्या. मग वाटलं, करतोच आहे तर नीट करावं. संध्याकाळी चमचे मिळाले तेव्हा माझा विश्वास बसेना. लखलखीत. सहांची सहा एकसारखे. व्हर्निअर लावला, केसभराचा फरक नाही. पाठीमागचा तो ओरखडासुद्धा गेला होता. मी भिकनला पेढे दिले. शुक्रवारी नावं कोरून झाली, आणि मी पेटी अशी टेबलाच्या मध्यावर ठेवली की तेजल दारातून आत आली की पहिल्यांदा तीच दिसावी.

तेजल शनिवारी संध्याकाळी आली. एकटीच, मॅटेओ आणि त्याची आई हॉटेलवर उतरले होते. तिनं पेटी उघडली. मी हसत उभा. एक चमचा काढला, दुसरा काढला, सगळे उलटेपालटे केले. मग पेटीच्या तळाचं मखमल उचकून पाहिलं, जणू खरे चमचे त्याखाली असतील. आणि सरळ जमिनीवर बसली.

"बाबा, पानं कुठं गेली?"

"कसली पानं?"

तेव्हा तिनं सांगितलं ते मी उभ्या उभ्या ऐकलं. मॅटेओचे आजोबा, म्हणजे ग्राझिएलाबाईंचे वडील, चांदीचं काम करायचे. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी गावातल्या सहा झाडांची सहा पानं समोर ठेवून हे सहा चमचे हातोडीनं घडवले. ऑलिव्ह, अंजीर, द्राक्षाची वेल, ओक आणि आणखी दोन, जी तिलाही आठवेनात. वेगळे होते, कारण ती झाडं वेगळी होती. त्या खुणा म्हणजे त्यांच्या हातोडीचे ठोके. आठशेचा आकडा म्हणजे त्यांच्याकडची जुनी रीतसर चांदी. आणि तो ओरखडा म्हणजे त्यांचा शिक्का. छोटासा पक्षी.

"वरून हे 'भेट' काय?" तिनं शेवटचा चमचा माझ्यापुढं धरला. "ही भेट नव्हती, बाबा. त्यांच्या घरी नवीन माणूस येणार असला की पहिलं जेवण या चमच्यांनी करतात. जेवून परत न्यायचे होते!"

म्हणजे मी दुसऱ्याच्या घरातल्या ठेव्याला सपाट केलं आणि वर त्यांच्याच नावानं तो स्वतःला भेट म्हणून लिहून घेतला. मला खूप लाज वाटली. इतकी, की संध्या काही बोलेल तर बरं, असं वाटायला लागलं. तेजल रडत होती, आवाज न करता, आणि ते मला बघवेना. मी भिकनला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, परत ठोके हाणू का? किती पायजेत?" मी फोन ठेवून दिला.

रविवारी ग्राझिएलाबाई आल्या. उंच, पांढरे केस, हातात फुलं. आईच्या गालाला गाल लावून भेटल्या तेव्हा आईनं घाबरून तिसरा गाल कुठला द्यायचा म्हणून संध्याकडं पाहिलं. मांडे, काळ्या मसाल्याची आमटी आणि शेवयांची खीर होती. टेबलावर सहा जण, सहा चमचे. तेजलचं म्हणणं, जेवण होऊ द्या, मग मी सांगते. माझं म्हणणं, मी सांगतो. या वादात कुणीच काही सांगितलं नाही आणि खीर आली.

ग्राझिएलाबाईंनी चमचा उचलला आणि थांबल्या. वर धरला, खिडकीकडं वळवला. मग तो पालथा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवायला लागल्या. एकदा, मग पुन्हा. त्या पक्षी शोधत होत्या. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. इंग्रजी माझं ड्रॉइंग वाचण्यापुरतं, पण जे होतं ते काढलं. "मॅडम, मिस्टेक इज माइन. ओन्ली माइन. तेजल डझ नॉट नो. आय ॲम क्वालिटी मॅन. आय रिमूव्ह्ड युवर फादर." शेवटचं वाक्य जरा वेगळं म्हणायचं होतं, पण ते सुटलं तोंडातून.

ग्राझिएलाबाई बोलायला लागल्या. खूप वेळ बोलल्या, दोन्ही हात उडवून, मध्येच कपाळाला लावून, मध्येच छताकडं करून. मी तेजलकडं पाहिलं.

"ती म्हणतेय, असू दे," तेजल म्हणाली.

"नाय, तसं नाय म्हनली," मॅटेओ म्हणाला.

"मग काय म्हणाल्या?"

दोघं इटालियनमध्ये भांडायला लागले. बाई त्यांच्यावर ओरडायला लागल्या. कोण कुणाच्या बाजूनं आहे हे मला अजिबात कळेना. एवढ्यात माझी आई, जिला यातला एक शब्द कळला नव्हता, तिनं पुढं होऊन ग्राझिएलाबाईंचा हात धरला. "बाई, नको जिवाला लावून घेऊ. माझ्या पोराला सोताला लय समजतं असं वाटतं. पर मनानं वाईट नाय त्यो." मॅटेओनं हे मात्र इटालियनमध्ये शब्दशः सांगितलं असावं, कारण बाईंनी माझ्याकडं पाहून मोठ्यांदा 'आह!' केलं. जणू बराच वेळ जे कळत नव्हतं ते कळलं.

मग त्यांनी चमच्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं. तेजलनं सगळे चमचे गोळा केले. आईचा खिरीत गेला होता, तो धुऊन आणला. ओळीनं मांडले आणि एकेकाचा अर्थ सांगत गेली. श्रीमती. ग्राझिएला. फेर्री. यांजकडून. सप्रेम. भेट. शेवटच्या शब्दाला मी डोळे मिटून घेतले.

"म्हंजे हे आईनं तुमाला दिलंय, असं लिवलंय?" मॅटेओनं विचारलं.

"हो."

"आन् लिवलंय तुमी?"

"हो."

ग्राझिएलाबाई हसायला लागल्या. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. पुसलेले डोळे हसण्याचे होते की रडण्याचे, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मग त्यांनी दुसरा चमचा उचलला आणि त्यावरची आपल्या नावाची अक्षरं बोटानं गिरवली. हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. या वेळी तेजलनं आणि मॅटेओनं एकच सांगितलं. "घरातल्या सगळ्या चांदीवर वडिलांचा पक्षी आहे आणि दारावर नवऱ्याचं नाव. माझं नाव आजवर कशावरच नव्हतं." मला बाबा फार आवडायचे, असंही त्या म्हणाल्या. मी माफी मागितली. मराठीत मागितली, कारण माफी मला त्याच भाषेत मागता येते.

निघताना त्यांनी पेटी मागितली. बरोबरच होतं, त्यांचीच होती. त्यांनी तेजलला काहीतरी विचारलं, तिनं बोट दाखवलं, आणि बाईंनी एकच चमचा उचलून रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये पासपोर्टशेजारी ठेवला. बाकीचे पाच पेटीत ठेवून पेटी संध्याच्या हातात दिली.

"कुठला नेला?" मी तेजलला हळूच विचारलं.

"सप्रेम."

भेट ठेवली आणि सप्रेम नेलं, म्हणजे काय समजायचं? "अगं, म्हणजे त्या रागावल्यात का?"

"त्या म्हणाल्या, तो मी लग्नात घेऊन येईन. तोपर्यंत तुमचं वाक्य अर्धवट राहू दे."

"म्हणजे होकार आहे?"

तेजलनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, शनिवारपासून पहिल्यांदा. त्यावरून मी समजलो, आणि मला एकदम भरून आलं.

ग्राझिएलाबाई गाडीत बसल्या, काच खाली केली आणि माझ्याकडं बोट करून ठासून काहीतरी बोलल्या. मी नम्रपणे मान डोलावली.

"काय म्हणाल्या?"

"आई म्हनती," मॅटेओ म्हणाला, "लगीन होस्तोवर काकांनी घरातल्या कशालाच हात लावायचा नाय."

एवढं एक भाषांतर मात्र संध्यानं त्याला पुन्हा म्हणायला लावलं.